बिनचुलीचा व्याही

माझ्या व्याह्याच्या चौकीत, त्याची नोकरी संपेपर्यंत, कोणाला चहा मिळाला नाही. साहेब आले, साहेबांचे साहेब आले. एकदा सोनगीरहून त्याची सख्खी बहीण राखी घेऊन आली. पितळी तांब्यात पाणी मिळालं, गुळाचा खडा मिळाला, मूठभर शेंगदाणे मिळाले. चहा नाही. आमच्या खानदेशात दारात आलेल्या दुश्मनालाही आधी चहा पाजतात आणि मग भांडतात. तेव्हा या माणसाबद्दल लोक काय बोलत असतील ते समजून घ्या. मी पण बोललोय. पाठीमागे नाही, तोंडावर.

कारण साधं होतं. त्याच्या चौकीत चूलच नव्हती. स्टो नाही, गॅस नाही, काडीपेटीसुद्धा नाही. सातपुड्यात, अभयारण्याच्या आत, डोंगरांच्या ओंजळीत एक तळं आहे. खरं तर ते धरण आहे, नाल्यावर बांध घालून अडवलेलं पाणी, पण आम्ही तळंच म्हणतो. त्या तळ्याच्या नाक्यावर तो फॉरेस्टचा गार्ड होता. गार्डाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं त्या डोंगरावर एक वणवा पाहिला होता. काय पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. पण तेव्हापासून जंगलात असेपर्यंत त्यानं काडी म्हणून पेटवली नाही. खालच्या गावातून बायको भाकरी पाठवायची. तो थंड भाकर, ठेचा आणि कांदा खायचा. पौषात दात वाजले तरी शेकोटी नाही. घोंगडी पांघरायची आणि तळ्याकडे तोंड करून बसायचं.

मी तिसरी शिकलो. लिहायला वेळ लागतो, पण दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. माझी केळी डोंगराच्या पायथ्याला आहे, आणि वांग्याच्या भरतात आसपासच्या गावांत माझा हात धरणारा माणूस नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींवरून झालं म्हणून सांगतो.

त्याची माझी पहिली गाठ रानडुकरांवरून पडली. माझ्या केळीत डुकरं शिरली आणि कोवळी रोपं उकरून टाकली. मी तावातावानं मोटारसायकल काढली, घाट चढून नाक्यावर गेलो आणि म्हटलं, "तुमच्या डुकरांनी माझं वावर नांगरलं."

तो बसूनच होता. उंच, वाळलेला, कानावर केसांचे झुपके. म्हणाला, "मनी डुकरं? मी पाळेल शेतस का त्या?"

तो धुळ्याकडचा, सोनगीरचा. तिकडची अहिराणी बोलतो. शे म्हणजे आहे, बठ्ठा म्हणजे सगळा, मना म्हणजे माझा, आठे-तठे म्हणजे इथे-तिथे. आमची बोली पूर्वेकडची, मले-तुले वाली. मी म्हटलं, "मले काय माहीत नाही. जंगल तुमचं, तर डुकरं तुमची."

"मंग मी काय करू? पावती फाडू त्यासनी?"

असं म्हणून त्यानं मला पाणी दिलं आणि बाजूच्या दगडावर बसवलं. म्हणाला, आधी दम खा, मग भांड, मी कुठे जात नाही. मी बसलो. समोर पाणी. पलीकडे साग, त्याच्या वर सालईची पांढरी खोडं, आणि सगळा डोंगर उलटा होऊन पाण्यात पडलेला. पाण्यात बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर आलेले आणि एकेका खुंटावर एकेक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. मी माझं भांडण मनात जुळवत होतो. जुळवता जुळवता ऊन कलायला लागलं. उठलो तेव्हा तो म्हणाला, "भांडणं ऱ्हाई गयं ना? काही हरकत नही. परत या."

मी परत गेलो. भांडायलाच गेलो. पुष्कळदा गेलो. नुकसानीचा अर्ज शेवटी त्यानंच योग्य जागी पोचवला आणि भरपाईही मिळाली, पण माझं जाणं काही थांबलं नाही.

नाक्यावर त्याची एक रीत होती, ती अख्ख्या जिल्ह्यात कुठे नसेल. जळगावहून, भुसावळहून पोरंटोरं गाड्या घेऊन यायची. हा फाटक उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जायचा. आता पास मागेल म्हणून तो पास काढायचा. हा म्हणायचा, "पास ऱ्हाऊ द्या. हॉर्न वाजाडा."

"काय?"

"हॉर्न. वाजाडा मनभरीसन."

ड्रायव्हर गोंधळून वाजवायचा. हा हात कानामागे धरून गाणं ऐकल्यासारखं ऐकायचा. "आजून. ज्याले ज्याले वाजाडना शे त्याले वाजाडू द्या." गाडीतली पोरं खिदळायची, पाळीपाळीनं वाजवायची. मग हा म्हणायचा, "हौस फिटनी? आते परत येवालगून हात लावू नका." आणि फाटक उघडायचा. मी स्वतः पाहिलंय, आत गेलेली गाडी हॉर्न वाजवत नसे. पाटी लावून जे होत नाही ते त्यानं असं करून घेतलं.

वाघाचं विचारलं की तो फार गंभीर व्हायचा. जळगावच्या एका शेठनं विचारलं, "वाघ दिसेल का हो?" हा म्हणाला, "शेठ, काल वाघ बी माले हाईच इचारी ऱ्हायंता. म्हने, जळगावना शेठ दखाई का?" शेठ हसला, पण गाडीची काच वर करून बसला.

त्याला पुस्तकातली नावं यायची नाहीत. यायची तीसुद्धा चुकायची. एकदा कॉलेजच्या सरांनी त्याची चूक काढली तर तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आणि दुसऱ्या दिवशी परत चुकीचंच नाव घेतलं. त्याची स्वतःची नावं होती. राखी बगळा दिवसभर एका जागी उभा राहतो आणि मासा पायाशी आला तरच मान हलवतो, म्हणून तो तलाठी. टिबुकली हाक मारली की पाण्यात बुडी मारून भलतीकडेच निघते, म्हणून ती जावई. चोचीवर पिवळा-तांबडा ठिपका असतो ते हळदीकुंकू बदक, त्या सगळ्या वहिनी. आणि दिवाळीनंतर लांबून येतात ते विटकरी रंगाचे चक्रवाक, ते पाव्हणे. जोडीनं यायचे, जोडीनं चरायचे, होळीच्या आसपास निघून जायचे. हिवाळ्यात त्याला गावात लग्नाला बोलवा, बारशाला बोलवा, उत्तर ठरलेलं: "पाव्हना उनात भाऊ, घर सोडीसन मी कसा येऊ?" उनात म्हणजे आले.

सख्ख्या भावाच्या लग्नाला तो असाच गेला नव्हता. भाऊ अजून बोलत नाही.

उन्हाळ्यात त्याचा स्वभाव बदलायचा. तळं आटत जायचं, कडेला चिखलाची पट्टी रुंद व्हायची आणि तिच्यावर पहाटे कोण कोण पाणी पिऊन गेलं ते उमटलेलं असायचं. भेकर, रोही, अस्वलाचा माणसासारखा पाय, कधी बिबट्या. साग पानं टाकून उघडा व्हायचा. वाळकी पानं गुडघ्याएवढी साचायची आणि साळिंदर चाललं तरी रस्त्यापर्यंत आवाज यायचा. या दिवसांत तो हसत नसे, हॉर्न ऐकत नसे. नुसता डोंगराकडे पाहायचा, नाक वर करून वास घ्यायचा. मोह वेचणारे येतात, झाडाखालची पानं जाळतात, ठिणगी उडते. त्यांच्यामागे फिरून फिरून तो त्यांना स्वतःच्या हातानं पानं झाडून द्यायचा. फॉरेस्टचा गार्ड झाडू मारतो म्हणून लोक हसायचे. तो झाडू मारायचा.

आता सोयरिकीचं सांगतो.

माझी धाकटी जळगावला शिकत होती. सुट्टीत घरी आली होती तेव्हा एकदा माझ्याबरोबर नाक्यावर आली. आम्ही दोघं कशावरून तरी वाद घालत बसलो आणि ती काठावर जाऊन बसली. निघताना त्यानं तिला विचारलं, "काय दखायनं पोरी?"

ती म्हणाली, "काही नाही बाबा. पाणी दिसलं."

तो माझ्याकडे वळला. "देखा. इतला वरीसमा पहिलींदाव कोनी पानी देखं. बठ्ठा वाघच इचारतस." आणि तिथल्या तिथे म्हणाला, "मना आंडोर जळगावले पाइपना कारखानामा शे. देसात का पोर?"

आंडोर म्हणजे मुलगा. मला वाटलं थट्टा करतो. पण त्यानं दुसऱ्याच आठवड्यात मुलाला माझ्या घरी धाडलं. मुलगा चांगला, शांत. चहा प्यायला. मी मुद्दाम दोनदा पाजला. पोरीचं मन मला दिसत होतं. आईला म्हणाली होती, "हे झालं तर होईल, नाहीतर मला घाई नाही." आमच्या घरातलं रक्त. ती घाई नाही म्हणाली म्हणजे मग कायमचीच नाही.

अडचण एकच, पोरीचा मामा. माझा शालक मुक्ताईनगरकडचा, अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून भरभक्कम. पहिल्यापासून म्हणत होता, "भाऊजी, धुळ्याची बोली वेगळी, चाल वेगळी. अन् ज्याच्या घरी चहा मिळत नाही त्याच्या घरी पोर देता?" आता मामाशिवाय लग्न म्हणजे काय? बोहल्यावर पोरीच्या मागे उभं कोण राहणार? धाकटी त्याच्याच खांद्यावर वाढलेली. तिनं मला बजावलं होतं, "दादा, मामा खुशीनं आला पाहिजे. ओढून आणलेला नको."

बोलणी ठरली मार्गशीर्षात. नाकेदार तळं सोडणार नाही हे माहीतच होतं, पाण्यावर पाव्हणे होते ना. म्हणून मीच म्हटलं, आम्ही वर येतो, भरीत घेऊन येतो. आमच्याकडे हिवाळा आणि पाणी एका जागी आलं की भरीत होतंच. नदीकाठ असो, वावर असो, धरण असो. फोनवर तो म्हणाला, "खाईसन या." मी ते नम्रपणाचं समजलो. खाऊन या म्हणणाऱ्याकडे उपाशीच जायचं असतं, नाहीतर तो रागावतो. निदान आमच्या भागात तरी असंच आहे.

ट्रॉलीभर भाऊबंद निघाले, मामा मागून आपल्या मोटारसायकलवर. मागे पोत्यांत माझ्या वावरातली हिरवी-पांढरी वांगी, कांद्याची पात, मिरच्या, तेलाचा डबा, पुऱ्यांचं पीठ आणि भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा. कपाशीच्या काड्यांवर जे भाजलं जातं ते दुसऱ्या कशावर भाजलं जात नाही. पोरगी माझ्या शेजारी बसली होती. घाटात म्हणाली, "दादा, आज भांडू नका." मी म्हटलं, "मी कधी भांडतो?"

नाक्यावर तो इस्त्रीचा गणवेश घालून उभा. सगळ्यांना वाकून रामराम केला. मग पत्र्याचा एक डबा पुढे धरला. "काडीपेटी, लायटर, बिड्या. बठ्ठा आठे टाका. जाताना भेटी."

मामा माझ्या कानात बोलला, पण त्याचं कानातलं बोलणं पलीकडच्या डोंगराला ऐकू जातं. "भाऊजी, हा याही हाये का कंडक्टर?"

बायका हसल्या. मामानं बिडीचा कट्टा डब्यात आपटला. तेवढ्यात नाकेदाराची नजर भाऱ्यावर गेली.

"हाई काय शे?"

"काड्या," मी म्हटलं.

"कसाले?"

"भरताले. अजून कशाले?"

"आठे आग नही."

मी समजावलं. काठावर वाळू आहे, पाणी हाताशी आहे, मी जन्मभर जाळ केला, माझ्या हातून एक ठिणगी इकडची तिकडे झाली नाही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुमना हात चांगला शे. पन वारा तुमना हातमा नही."

"आलेल्या सोयऱ्यांना उपाशी ठेवता?"

"मी सांगेल व्हतं. खाईसन या."

मी पण मीच. म्हटलं, "भरीत नाही, तर बोलणी नाही."

"मंग नका बोलू. तळं देखा. उनात तर देखी ल्या."

मामा उठला. "चला परत. झाली सोयरीक. चहा नाही, भाकर नाही, आता काडीपण गेली." ट्रॉलीतली माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मी एका दगडावर जाऊन बसलो. तो दुसऱ्या दगडावर जाऊन बसला. माझी पाठ त्याच्याकडे, त्याची माझ्याकडे. मधल्या पाण्यात चक्रवाक आपले चरत होते. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला.

पोरगी काठाकाठानं चालत त्याच्याकडे गेली. आवाज चढवला नाही, पण पाण्यावरून शब्द स्वच्छ येत होते. "बाबा, आग कुठे चालेल ते सांगा. कुठे चालत नाही ते कळलं."

तो म्हणाला, "घाटना खाले. नांगरेल वावरमा. बांधपासून लांब."

"मग तिथं करू. तुम्ही पण चला."

"पाव्हना शेतस पोरी..."

"पाव्हणे आम्ही पण आहोत."

मी मागं वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर माझी माघार झाली असती. पण ट्रॉली वळवल्याचा आवाज आला आणि कोणीतरी माझ्याजवळ येऊन उभं राहिलं. बघतो तर हा. हातात पळसाच्या हिरव्या फांद्यांचा जुडगा. म्हणाला, "उठा याही. मी बी ई ऱ्हायनू." नाक्यावर दुसऱ्या माणसाला बसवून, हिवाळ्यात, पाव्हणे पाण्यावर असताना तो माणूस तळं सोडून खाली उतरला. हे मी पाहिलंय, आणि पाहणारे बाकी पण आहेत.

खाली माझ्याच नांगरलेल्या वावरात जाळ केला. म्हणजे मी करायला गेलो, पण त्यानं करू दिला नाही. आधी बायकांकडून विहिरीचं पाणी भरून घागरी चारी बाजूंना मांडल्या. मग चिमटीत माती घेऊन हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते पाहिलं. "वारा डोंगरकडे शे. थांबा." आम्ही थांबलो. भुकेनं पोरं रडायला लागली. त्यानं पुन्हा माती सोडली. "थांबा." मामा वांग्यावर वांगं घासत बसला होता. म्हणाला, "आता पंचांग काढा म्हणावं, भाजायचा मुहूर्त सांगा." शेवटी वारा फिरला आणि त्यानं डब्यातली काडीपेटी माझ्या हातात ठेवली. मी जाळ केला. वांगी भाजेपर्यंत तो फांद्या घेऊन जाळाभोवती फिरत होता, लग्नात करवली फिरते तसा.

मग काय सांगू? वांगी सोलली, लाकडी भांड्यात मुसळानं ठेचली, मिरची-लसूण, शेंगदाणे, पात, वरून तेल. गरम पुऱ्या. त्यानं उभ्यानं खाल्लं, डोंगराकडे तोंड करून. परत घेतलं. आणखी परत घेतलं. सगळ्यांसमोर मी विचारलं, "कसं झालं?"

"वांगं चांगलं शे. जाळ जास्ती व्हयना."

जाळ जास्त झाला म्हणे! माझ्या भरताला उभ्या जन्मात कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी बोलणार होतो, पण पोरगी माझ्याकडे पाहत होती.

हात धुतल्यावर मामानं विषय काढला. अजून चिडलेलाच होता. "बोला आता. काय पाहिजे तुमले? गाडी? सोनं? जळगाव जवळच आहे."

तो म्हणाला, "सोनं नको. एक शे. डोंगरले आग लागनी, ते तुमना घरना बठ्ठा माणसं वर येवाले पाहिजेत. इझाडाले."

मग सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्यानं हसला. "असा हुंडा पहिल्यांदा ऐकला!"

मी हसलो नाही. मी म्हटलं, "दिला शब्द." सुपारी फुटली.

मामा म्हणाला, "मी नाही दिला. मी मुक्ताईनगरचा. माझा तुमच्या डोंगराशी संबंध नाही, अन् या माणसाशी तर नाहीच. लग्नाची वाट पाहू नका माझी." गाडीला किक मारली आणि गेला. सोयरीक जुळल्याचा आनंद धाकटीच्या तोंडावर पाहायला मिळाला नाही मला.

लग्न फाल्गुनात धरलं. बायकोनं भावाला निरोपावर निरोप धाडले. शेवटी तो आला, बहिणीचं ऐकायला म्हणून नव्हे, बहिणीला ऐकवायला म्हणून. दुपारची वेळ. ओसरीत बसून दोघं वाद घालत होती. धाकटी दाराआड उभी. तेवढ्यात माझा फोन वाजला. तिकडून व्याही इतकंच म्हणाला, "याही, आग." आणि फोन बंद.

मी पायात चपला सरकवल्या आणि गल्लीत उभं राहून हाका मारल्या. माझी हाक गावाला माहीत आहे. भाऊ आले, पुतणे आले, ज्यांचा काही संबंध नाही असेही दोघे-चौघे आले. ट्रॉलीत पाण्याची टाकी चढवली, गोणपाटं टाकली, कोयते घेतले. मामा ओट्यावर उभा राहून म्हणाला, "भाऊजी, लग्न अजून झालं नाही. नातं लागत नाही अजून. कशाले जाता या वयात?"

"शब्द लागला ना," मी म्हटलं. ट्रॅक्टर चालू झाला. वळणावर गेल्यावर मागून धप्पकन आवाज आला. मामा ट्रॉलीत चढला होता. म्हणाला, "बहीण विधवा व्हायला नको म्हणून येतो. बाकी काही समजू नका."

घाट चढलो आणि पाहिलं. तळ्याच्या उत्तरेची अख्खी उतरण धुरात. जाळ उंच नव्हता, गुडघ्याएवढा, पण ओळ धरून खाली येत होता, पानं चावत, चर्र चर्र आवाज करत. सागाची पानं जळताना वर उडतात आणि जळत जळत पुढे जाऊन पडतात. ओळीच्या पुढे सरडे, ससे, साप, जे ज्याला जमेल तसं पाण्याकडे पळत होतं. खाली काठाला उंच वाळलेल्या लव्हाळ्याची पट्टी होती. जाळ तिच्यापर्यंत पोचला असता तर काठाकाठानं तळ्याला वेढा पडला असता आणि पलीकडचा डोंगरही गेला असता. व्याही त्या पट्टीच्या वर, दोन मजुरांबरोबर, पानं ओढून जमीन उघडी करत होता. आम्हाला पाहून थांबला नाही. हातानंच दाखवलं, तुम्ही इकडून.

आम्ही ओळीनं उभे राहिलो. कोणी फांद्यांनी झोडपत होतं, कोणी कोयत्यानं लव्हाळं कापत होतं. मी पानं ओढत होतो. धुरानं डोळे उघडत नव्हते. मामानं गोणपाट टाकीत बुडवलं आणि सरळ जाळावर गेला. फांदीवाले लांबून मारतात. हा गोणपाट घेऊन आगीच्या अंगावरच जायचा, आपटायचा, पायानं चिरडायचा, आणि शिव्या द्यायचा. आगीला देत होता की व्याह्याला, ते कळत नव्हतं. गोणपाट वाळलं की धावत जाऊन परत बुडवायचा. एकदा जळतं पान त्याच्या पाठीवर पडलं, ते मी हातानं झटकलं. तो मागे वळून म्हणाला, "मले नका पाहू, खाली पाहा!"

ऊन उतरायच्या आत जाळ उघड्या पट्टीपर्यंत आला, तिथे त्याला खायला काही सापडलं नाही, आणि तो बसला. एकदम नाही. इथे तिथे धुमसत, खुंटाखुंटाला चिकटत बसला. लव्हाळं वाचलं. पाण्याच्या पार पलीकडच्या टोकाला चक्रवाकांच्या शेवटच्या जोड्या थव्यानं गोळा झाल्या होत्या. उडाल्या नव्हत्या.

आम्ही सगळे काठावर बसलो. कोण कोणाचा ते ओळखू येत नव्हतं. सगळ्यांची तोंडं काळी, डोळे लाल, धोतर-पँटींना भोकं. व्याही ओळीनं प्रत्येकासमोर जाऊन उभा राहत होता आणि हात जोडत होता. माझ्यासमोर आला, हात जोडले, पुढे गेला. मग मामासमोर थांबला, आणि त्याला मिठी मारली. घट्ट. उंच वाळका माणूस त्या भरभक्कम माणसाला बिलगून हुंदके देत म्हणाला, "आजपाईन पोर मनी शे. तुमनी नही."

मामा आधी ताठ उभा राहिला. मग त्यानंही हात टाकले. मामाला रडताना मी त्याच्या बापाच्या मयतीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, चुकला बिचारा. धुरात याही समजून शालकाला भेटला. पण ती चूक मी त्या वेळी दुरुस्त केली नाही, कारण तिनं आमचं काम केलं. लग्नाला मामा सगळ्यांच्या आधी मांडवात हजर. बोहल्यावर धाकटीच्या मागे असा उभा राहिला की फोटोत नवरा-नवरी कमी आणि तोच जास्त दिसतो. धाकटी हसत होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

आता व्याही रिटायर झाला. सोनगीरला किल्ल्याखाली त्याचं घर आहे, पण तो तिकडे गेला नाही. म्हणतो, तिकडे डोंगर आहे पण डोंगरात पाणी नाही. आमच्याच गावात खोली घेऊन राहतो. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतो, चहा पितो, साखर जास्त झाली म्हणतो. मागच्या महिन्यात मी ठरवलं, आता सांगून टाकावं. म्हटलं, "याही, त्या दिवशी तुम्ही चुकलात. मिठी माझी होती. धुरात तुम्हाला माणूस ओळखू आला नाही."

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "मी वळखीसनच भेटनू."

"अन् मग त्याला कशाला? शब्द तर मी दिला होता."

"तुम्ही शब्द देयेल व्हता, म्हनून उनात. त्यानी देयेल नव्हता. तरी बी बठ्ठासमा काळा तोच व्हयेल व्हता."

आणि परत कप उचलला. मी काही मान्य केलं नाही. त्या दिवशी मी पण चांगलाच काळा झालो होतो, विचारा कोणालाही.